जुने घर विकण्यापूर्वी सजवून दाखवावे का? (छत्रपती संभाजीनगर)

अनघा_सिडको

नमस्कार मंडळी. सिडकोच्या एन-७ भागातील आमचे घर विकायचे ठरले आहे. वडिलांनी ते १९८८ साली घेतले. खाली तीन खोल्या, वर गच्चीला लागून एक खोली, मागे हौद आणि पुढे कडुनिंबाचे झाड असे त्याचे स्वरूप आहे. वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे पुण्याला राहायला आली आणि तेव्हापासून घराला कुलूप आहे. आत शहाबादी फरशी, वडिलांची लाकडी बंगई (झोपाळा), दिवाण, दोन लोखंडी कपाटे आणि आईचा भांड्यांचा सगळा संसार जसाच्या तसा आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पाण्याच्या टाकीच्या खालच्या बाजूला ओल येऊन रंगाचे पोपडे सुटले आहेत.

एका मध्यस्थाने असे सुचवले की सगळे जुने सामान काढून टाकावे, घर रंगवावे, दोन महिन्यांसाठी सोफा, पलंग, पडदे, दिवे आणि कुंड्या भाड्याने आणून मांडाव्यात, व्यावसायिक छायाचित्रे काढून घ्यावीत आणि मगच जाहिरात द्यावी. या साऱ्याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात आणि त्यासाठी सुमारे सव्वा लाख रुपये लागतील, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या भावाला हा खर्च मुळीच पटत नाही. घेणारा शेवटी भिंती पाडून आपल्या मनासारखे बांधणार आहे, त्याला पडद्यांचे काय, असे तो म्हणतो. मला दोघांच्याही म्हणण्यात तथ्य वाटते. आपल्याकडे मराठवाड्यात कोणी असे केले आहे का आणि त्याचा उपयोग झाला का, हे जाणून घ्यायचे आहे.

गोदाकाठ

अनघाताई, आधी एवढे सांगा की घेणारा त्या घरात राहायला येणारा असेल की जागेसाठी घेणारा? जागेसाठी घेणारा प्लॉटची मापे आणि रस्त्याची रुंदी पाहील. त्याच्यासाठी झाडलोटीपलीकडे एक रुपयाही घालू नये.

अनघा_सिडको

आतापर्यंत चौकशी करणाऱ्यांमध्ये दोन्ही प्रकारचे लोक आहेत. आईची मात्र मनापासून इच्छा आहे की कोणीतरी कुटुंब तिथे राहायला यावे.

बायपासवाला

मी आपल्या शहराच्या सातारा परिसरातील आमचे रो-हाऊस विकले तेव्हा हा प्रश्न माझ्यासमोरही होता. आम्ही नवीन घरी गेल्यावर ते पूर्ण रिकामे झाले होते, आणि रिकाम्या खोल्या पाहून लोक हमखास विचारत की या खोलीत डबल बेड आणि कपाट दोन्ही बसेल का. दहा बाय अकराची खोली रिकामी असताना आहे त्यापेक्षा लहान दिसते, हे मला तेव्हा प्रथम कळले. कपाट उघडल्यावर पलंगापर्यंत किती जागा उरते, याचा अंदाज मोकळ्या फरशीकडे पाहून भल्याभल्यांना येत नाही.

मी भाड्याने काही आणले नाही. आमच्याच नवीन घरातून एक पलंग, एक लहान सोफा आणि चार खुर्च्यांचे जेवणाचे टेबल टेम्पोने परत आणून ठेवले, खिडक्यांना साधे पांढरे पडदे लावले आणि प्रत्येक खोलीत जास्त उजेडाचा दिवा बसवला. त्यानंतर आलेली माणसे घरात जास्त वेळ थांबू लागली, टेबलाशी बसून बोलू लागली आणि बोलणी भावापर्यंत पोचू लागली. किंमत त्यामुळे वाढली, असे मी म्हणणार नाही, कारण ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नाही. परंतु व्यवहार त्यामुळे लवकर झाला, याबद्दल माझी खात्री आहे. म्हणून माझे मत सजावटीच्या बाजूने आहे, मात्र सव्वा लाखाच्या बाजूने नाही.

मनीषा_पुणे

मी मूळची नांदेडची. काही वर्षे अमेरिकेत होतो तेव्हा आमचे तिथले घर विकताना ही पद्धत जवळून पाहिली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

घर विकण्यापूर्वी ते मांडून दाखवण्याच्या या व्यवसायाचे श्रेय सहसा बार्ब श्वार्ट्झ यांना दिले जाते. सिएटल परिसरात १९७२ साली त्यांनी याची सुरुवात केली. तिथे मध्यस्थांचे म्हणणे यावर फार चालते. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या मध्यस्थांच्या संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत खरेदीदारांच्या बाजूने काम करणाऱ्या ८१ टक्के मध्यस्थांनी सांगितले की सजवलेल्या घरात ‘आपण इथे राहू’ अशी कल्पना करणे ग्राहकाला सोपे जाते. हा आकडा नेहमी पुढे केला जातो, परंतु तो मध्यस्थांच्या मतांचा आकडा आहे, प्रत्यक्ष मिळालेल्या किमतींचा नाही, हे लक्षात ठेवावे लागते. उलट तिथेच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठशेहून अधिक खरेदीदारांना एकाच घराचे संगणकावरील फेरफटके दाखवले गेले. कुणाला भिंतीचा रंग सौम्य, कुणाला भडक, कुणाला सामान चांगले, कुणाला वाईट, तर कुणाला खोली रिकामी दाखवली. सामान चांगले असलेल्या घराबद्दल लोकांचे मत चांगले झाले, मात्र ते घर किती किमतीला घेऊ, या उत्तरात लक्षणीय फरक पडला नाही.

बायपासवाला यांचा अनुभव याच्याशी जुळतो. घर मनात भरणे आणि भाव वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मध्यस्थ त्या एकच असल्यासारख्या मांडतात.

स्थापत्य_परभणी

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या घरांची पाहणी करून देणे हे माझे रोजचे काम आहे. अनघाताईंनी ओल आणि पोपडे असा उल्लेख जाता जाता केला आहे, परंतु माझ्या दृष्टीने या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

टाकीखालच्या भिंतीला ओल म्हणजे बहुतेक वेळा टाकीच्या जोडणीतून, आउटलेटच्या पाइपातून किंवा गच्चीच्या कोपऱ्यातील वाट्यातून (गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यातील गोलाईतून) होणारी गळती असते. ती थांबवल्याशिवाय वरून रंग दिला तर पहिल्या पावसाळ्यातच तो फुगून निघतो. गळती बंद करून भिंत उन्हाळ्यात पूर्ण वाळू द्यावी, पांढरा लोणा (भिंतीवर फुटून आलेले क्षार) आला असेल तर तो कोरड्या ब्रशने घासून काढावा, कारण पाण्याने धुतला की क्षार पुन्हा भिंतीत शिरतात, आणि त्यानंतरच लांबी (पुट्टी) व रंगाचा विचार करावा.

दुसरा मुद्दा भेगांचा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया पुरेसा खोल नसलेल्या घरांत खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या जाळीदार भेगांना घाबरण्याचे कारण नाही. तिरकी भेग मात्र चालू आहे की थांबली आहे, हे तपासावे लागते. त्यासाठी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून ठेवतात आणि तारीख लिहितात; पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे असे समजावे. मी एका घरात अशी पट्टी जूनमध्ये लावली होती आणि ऑगस्टमध्ये ती बरोबर मधोमध तुटलेली मिळाली. त्या भिंतीवर मालकांनी नुकताच महागडा टेक्श्चर रंग दिलेला होता.

आणि म्हणून मला सजावटीची भीती वाटते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजीने पाहूनही दिसणार नाही असा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तो न सांगणे ही फसवणूक मानली जाते. भेगेपुढे कपाट उभे करणे किंवा ओलीवर वॉलपेपर लावणे याला मी सजावट म्हणणार नाही. दुरुस्ती करावी, दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे ठेवावीत आणि ती घेणाऱ्याला आपणहून दाखवावीत.

जालन्याची_सून

आम्ही गेल्या वर्षी घर घेतले, तेव्हा घेणाऱ्याच्या बाजूने सांगते. आम्ही मुद्दाम मे महिन्यात घरे पाहिली, कारण बोअरला पाणी आहे की नाही हे खरे मेमध्येच कळते. प्रत्येक घरात माझ्या सासूबाई आधी मोरीत जाऊन नळ सोडत आणि मग हौदाचे झाकण उघडायला लावत. पाणी किती दिवसांआड येते, हौद किती लिटरचा आहे, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, टँकर दारापर्यंत येतो का, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या दिवाणखान्यात बसत नसत. सोफ्याचा रंग आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही.

तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही जे घर घेतले त्याच्या स्वयंपाकघरात ओटा लख्ख घासलेला होता, नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे थर नव्हते, ओट्याखालचा कप्पा उघडला तर कुबट वास आला नाही आणि तिथे कोरडा कागद अंथरलेला होता. त्या कप्प्याकडे पाहून सासूबाई मला हळूच म्हणाल्या की या बाईने घर सांभाळले आहे. दुसरे घर याहून नवीन आणि मोठे होते, पण ते महिनोन्‌महिने बंद होते आणि दार उघडताच कोंदट वास आला. ताई, तुमच्या घराला कुलूप आहे म्हणून कळकळीने सांगते, दाखवण्याआधी आठवडाभर तरी कुणीतरी तिथे राहावे, चूल पेटावी, खिडक्या उघड्या असाव्यात.

गोदाकाठ

अगदी योग्य. आणि ‘घर लाभले का’ हा प्रश्नही आपल्याकडे विचारला जातोच. मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये त्या घरातून झाली असतील तर ते सांगायला संकोच करू नये. भाड्याच्या सोफ्याने जे सांगता येत नाही, ते आई दोन वाक्यांत सांगतील.

धाराशिव_गुरुजी

आमच्या भागात पहिला प्रश्न वेगळा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे माणसांवर कोसळली, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांच्या मनातून ते आजही गेलेले नाही. त्यामुळे धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत घर पाहायला आलेला माणूस ‘पिलर आहेत का, की नुसते लोड-बेअरिंग आहे’, म्हणजे सगळा भार भिंतींवरच आहे का, असे विचारतो. माझ्या भाच्याने उमरग्याचे घर विकताना बांधकाम चालू असतानाची जुनी छायाचित्रे, ज्यांत कॉलमच्या सळ्या उभ्या दिसतात, ती मोठी करून पाहुण्यांपुढे ठेवली. त्याने घराला नवीन रंगही दिला नव्हता. अनघाताईंकडे वडिलांनी जपलेले मंजूर नकाशे आणि कामाची बिले असतील तर ती शोधावीत. त्या पिढीतील माणसे असे कागद फेकत नसत.

माजलगावकर

एक नाजूक विषय काढतो, ताई गैरसमज करून घेणार नाहीत अशी अपेक्षा आहे. पुढच्या खोलीत वडिलांचा हार घातलेला फोटो असेल तर घर दाखवताना तो आतल्या खोलीत किंवा आपल्याकडे न्यावा. पाहायला येणाऱ्या कुटुंबाची नजर आधी तिथेच जाते आणि ‘कधी गेले, कशाने गेले, याच घरात का’ असे प्रश्न सुरू होतात.

मनीषा_पुणे

सजावट करणारे लोकही नेमके हेच सांगतात की मालकाच्या कुटुंबाचे फोटो, देवाधर्माच्या वस्तू, पुरस्कार सगळे काढावे, म्हणजे पाहणाऱ्याला तिथे स्वतःचे कुटुंब कल्पिता येते. परंतु हा नियम आपल्याकडे सरसकट लावू नये, असे मला वाटते. देवघर रिकामे दिसले तर आपल्याकडच्या माणसाला घर मोकळे वाटण्याऐवजी ओसाड वाटते. फोटो न्यावा, देवघरात मात्र एखादी तसबीर आणि तेवता दिवा असू द्यावा.

अनघा_सिडको

गैरसमज मुळीच नाही. फोटो आहे, बंगईच्या समोरच्या भिंतीवर. आईला विचारून पाहते. तिचा होकार असल्याशिवाय मी तो हलवणार नाही.

लातूर_जुना_औसा_रोड

लातूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे शिकवण्यांसाठी मुलांना घेऊन येणारे पालक निकाल लागल्यानंतर घर शोधायला येतात आणि अनेकांना दोन वर्षांसाठी आई आणि मुलगा-मुलगी राहतील असे लहान घर हवे असते. त्यांना पलंग, अभ्यासाचे टेबल, कपाट आणि पाणी तापवायची सोय जागेवर असेल तर हायसे वाटते. माझ्या शेजाऱ्यांनी फ्लॅट सामानासह विकला; सामान दाखवण्यापुरते नव्हते, व्यवहाराचा भाग होते, आणि त्याची यादी करारनाम्याला जोडली होती. अनघाताईंनी दिवाण आणि कपाटे द्यायची असतील तर तसे स्पष्ट लिहावे. दाखवायचे आणि नंतर उचलून न्यायचे, यावरून नंतर मने दुखावतात.

बायपासवाला

परभणीच्या अभियंता साहेबांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून ‘दुरुस्ती करा आणि सजावट टाळा’ असा अर्थ कुणी काढू नये. आज पहिली निवड मोबाइलवरच्या छायाचित्रांवरून होते. संभाजीनगरात आई-वडिलांसाठी घर घेणारी मुले पुण्यात, हैदराबादेत किंवा परदेशात असतात. अंधाऱ्या खोलीचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे छायाचित्र पाहिले तर ती माणसे घर बघायला येतच नाहीत, मग हौद कितीही मोठा असो. सकाळच्या उजेडात, खिडक्या उघडून, खोलीच्या कोपऱ्यातून छातीच्या उंचीवर मोबाइल धरून काढलेली छायाचित्रे पुरेशी होतात.

मात्र संगणकाने रिकाम्या खोलीत सामान रंगवून दाखवायची जी नवी सोय आली आहे ती वापरायची असेल तर चित्राखाली तसे लिहावे आणि सोबत खरी खोलीही द्यावी. मी एकदा अशी जाहिरात पाहून बीड बायपासच्या फ्लॅटवर गेलो होतो. चित्रात सहा फुटी पलंगाच्या दोन्ही बाजूंना टेबले होती. प्रत्यक्षात तो पलंग ठेवल्यावर बाल्कनीचे दारच उघडले नसते. मी दहा मिनिटांत परत निघालो, आणि फ्लॅट चांगला असूनही पुन्हा गेलो नाही.

रेणुका_परळी

आमच्या आत्या घर पाहायला गेल्या की आधी शेजारी चहा घेतात आणि मग घर पाहतात. शेजार काही भाड्याने आणता येत नाही, असे त्या म्हणतात. अनघाताई, समोरच्या काकूंना घर विकायचे ठरल्याचे आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

करसल्लागार_नांदेड

पैशांच्या बाजूने थोडे. घर विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशेब करताना घरात केलेली कायमस्वरूपी सुधारणा, उदाहरणार्थ वाढवलेली खोली, खर्चात धरता येते. विक्रीपूर्वीची रंगरंगोटी साधारणतः देखभाल मानली जाते. मध्यस्थाची दलाली मात्र विक्रीचा खर्च म्हणून वजा होते. तेव्हा सव्वा लाख रुपये ‘करात निघतील’ असे कुणी सांगत असेल तर ते गृहीत धरू नये. २००१ पूर्वी घेतलेल्या घराला १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य आधार म्हणून घेता येते. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावरचा दर महागाई निर्देशांकाच्या लाभाशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के झाला आहे. त्यापूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून २००१ चे मूल्यांकन करून घेण्याला जे शुल्क लागेल, ते मला पडद्यांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे वाटते.

त्याहून महत्त्वाचे असे की घर वडिलांच्या नावावर असेल तर सर्व वारसांची नोंद आधी पूर्ण करावी. सिडकोचे घर भाडेपट्ट्यावरचे असेल तर हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी लागेल. घेणाऱ्याची बँक शोध अहवाल (मालकीच्या कागदपत्रांच्या तपासणीचा अहवाल) मागते, आणि तिथे अडलेला व्यवहार कितीही सुंदर मांडणी असली तरी पुढे सरकत नाही. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल, मूळ करार, मंजूर नकाशा हे एका फायलीत लावून पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवावे.

स्थापत्य_परभणी

करसल्लागार साहेबांनी सांगितलेल्या फायलीत टाकीच्या दुरुस्तीचे बिलही लावा. आणि बायपासवाला यांचे म्हणणे मान्य. उजेड आणि स्वच्छता यांना माझा विरोध नाही, झाकण्याला आहे.

अनघा_सिडको

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. भाऊ, आई आणि मी एकत्र बसून पूर्ण धागा वाचला, आणि आमचे असे ठरले आहे.

भाड्याचे सामान आणणार नाही. टाकीची गळती याच महिन्यात काढून घेऊ, भिंत वाळू देऊ आणि ती वाळल्यानंतर फक्त पुढची खोली, स्वयंपाकघर आणि ती पश्चिमेची भिंत रंगवू. दोन्ही कपाटांपैकी एक आणि माळ्यावरचे सगळे सामान काढले की खोल्या मोकळ्या होतील. दिवाण राहील आणि तो घेणाऱ्याला द्यायचा आहे. बंगई भाऊ नेणार आहे, त्यामुळे छायाचित्रे ती काढल्यानंतरच घेऊ. फोटोबद्दल आईने स्वतःच सांगितले की तो तिच्याजवळ पुण्याला हवा होता, तिला मागायला संकोच वाटत होता. वारसनोंदीचे काम भावाने हाती घेतले आहे, त्यात वेळ जाणार असल्यामुळे जाहिरात दिवाळीनंतर, म्हणजे लोकांच्या हातात कापूस आणि सोयाबीनचा पैसा आल्यावर देऊ. त्याआधी आई आणि मी पंधरा दिवस तिथे जाऊन राहणार आहोत.

एक प्रश्न उरला आहे. हौद किती लिटरचा आहे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. ते कसे काढायचे?

स्थापत्य_परभणी

हौद रिकामा असताना आतली लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजा. खोली तळापासून ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंतच धरा, झाकणापर्यंत नाही. तिन्हींचा गुणाकार करून २८.३ ने गुणले की लिटर मिळतात. सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट खोल हौद असेल तर सुमारे ४,२४५ लिटर. मोजताना आतल्या गिलाव्याला भेग आहे का, तेही पाहून घ्या, आणि असेल तर रंगाच्या आधी तिचे काम करा.